ट्यून केलेल्या इंजिनाला ‘थंड’ प्लग

आखातातील गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आपल्या बांधवांकडे निस्सान स्कायलाइनसारख्या टर्बो गाड्या ताकद वाढवण्यासाठी येतात. अशा इंजिनाला जुनाच प्लग ठेवला, तर त्याचे टोक ८०० अंश सेल्सिअसपलीकडे तापते, ठिणगीआधीच पेट्रोल पेटते आणि पिस्टनला भोक पडते. मग भरपाई मिस्त्रीच्या माथी! ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढली की एक नंबर थंड प्लग घ्यावा. एनजीकेमध्ये ६ पेक्षा ७ थंड. बॉशचे नेमके उलटे, तेथे आकडा लहान तो प्लग थंड. जुने कारागीरही येथेच फसतात. बूस्ट वाढवल्यास १.१ मिलिमीटरची गॅप ०.८ पर्यंत आणावी. गाडी पळवून प्लग काढून पाहावा: टोक तपकिरी असेल तर नंबर बरोबर, पांढरे फटक होऊन फोड आले असतील तर आणखी थंड प्लग हवा.