तेलाखालचा गाळ आणि चोपण जमीन

सांगली जिल्ह्यात मिरज-वाळव्याकडे जाताना हिरव्यागार उसाच्या मधेच पांढरट, उजाड पट्टे तुम्ही पाहिले असतील. ही क्षारपड जमीन. तळणीच्या जुन्या तेलापासून होणाऱ्या बायोडिझेलशी तिचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. पाहू या.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरिनला जोडलेली मेदाम्लांची तीन लांब शेपटे. तेलात मेथिल अल्कोहोल व थोडा अल्कली घालून ऊब दिली, की ही शेपटे सुटून अल्कोहोलशी जोडली जातात. हेच बायोडिझेल. मोकळे झालेले ग्लिसरिन जड असल्याने तळाशी बसते. १०० किलो तेलामागे ते सुमारे १० किलो निघते. २०१८ पासून आपल्या देशात तळणीचे वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजना सुरू झाली. जितके बायोडिझेल जास्त, तितका हा गाळही जास्त!

औषधाच्या दुकानातले ग्लिसरिन शुद्ध असते, हा गाळ तसा नसतो. त्यात साबण, अल्कली आणि उरलेले मेथिल अल्कोहोल असते. मेथिल अल्कोहोल पोटात गेले तर दृष्टी जाते, प्राणही जातो. म्हणून हा गाळ अंगाला लावू नये, गुरांना घालू नये, ओढ्यात ओतू नये. मेथिल अल्कोहोल ६५ अंश सेल्सियसला उकळते, ग्लिसरिन २९० अंशांना. त्यामुळे ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वेगळे करून पुन्हा वापरता येते. मात्र त्याची वाफ चटकन पेट घेते. हे काम जाणकाराचे, स्वयंपाकघरातले नव्हे.

उरलेल्या गाळाचा साबण करता येतो. दुसरी वाट गोबरगॅसची. संयंत्रातील जीवाणू ग्लिसरिन झटपट पचवतात व गॅस वाढतो. पण ग्लिसरिनमध्ये नायट्रोजन नसतो, तो शेणातूनच मिळतो. म्हणून शेण भरपूर आणि गाळ अगदी थोडा, हे प्रमाण राखावे. गाळ जास्त झाला तर आम्ल साचते आणि गॅस बंद पडतो.

आता मूळ प्रश्न. संयंत्रातली मळी शेवटी शेतात जाते. अल्कली म्हणून कॉस्टिक सोडा वापरला असेल, तर मळीबरोबर सोडियमही शेतात जाते. एका वेळचे सोडियम थोडेच, पण निचरा नसलेल्या काळ्या रानात ते वर्षानुवर्षे साठते. सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही. जमीन चोपण होते. कॉस्टिक पोटॅश वापरला तर सोडियमच्या जागी पोटॅशियम जाते, आणि ते पिकाचे अन्न आहे. कॉस्टिक पोटॅश महाग पडतो खरा, पण जमीन बिघडवून ती सुधारत बसणे त्याहून महाग!

हे स्वतः पडताळून पाहा. दोन बाटल्यांत विहिरीचे पाणी आणि मूठमूठ काळी माती घ्या. एकीत चिमूटभर धुण्याचा सोडा टाका. दोन्ही हलवून रात्रभर ठेवा. सकाळी कोणत्या बाटलीतले पाणी अजून गढूळ आहे? का, ते तुम्हीच सांगा.