मुष्टियुद्धातील रक्तचाचणी : नियम की करार?

व्यावसायिक मुष्टियुद्धावर जगभर अधिकार चालवणारी एकच नियामक संस्था नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा क्रीडा आयोग आपापले नियम ठरवतो. त्यामुळे पूर्वसूचनेविना होणारी उत्तेजक चाचणी हा तेथे बहुधा नियमाऐवजी कराराचा विषय ठरतो. वादाचे मूळ येथेच आहे.

फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांची लढत मार्च २०१० मध्ये व्हायची होती. मेवेदर यांच्या बाजूने ऑलिंपिकच्या धर्तीवर केव्हाही रक्त व लघवीचे नमुने घेण्याची अट घातली गेली. लढतीच्या तोंडावर रक्त दिल्यास अशक्तपणा येतो, अशी पॅकियाओ यांची हरकत होती. शेवटची रक्तचाचणी लढतीच्या २४ दिवस आधी व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. मेवेदर १४ दिवसांपर्यंत आले. मध्यस्थीही निष्फळ ठरली आणि लढत बारगळली.

हा घोळ केवळ तारखांचा नव्हता. वाढीच्या संप्रेरकासारख्या द्रव्यांचा माग रक्तातूनच लागतो, तोही अल्पकाळ. चाचणी कधी थांबणार हे आधीच कळले, तर गैरप्रकाराला वाट मिळते. दुसरीकडे, पॅकियाओ कोणत्याही चाचणीत दोषी आढळलेले नव्हते. संशय पसरवल्याबद्दल त्यांनी केलेला बदनामीचा दावा २०१२ मध्ये तडजोडीने मिटला.

अखेर २ मे २०१५ रोजी ही लढत लास व्हेगासमध्ये झाली, तीही अशाच चाचण्यांच्या करारावर. धावपटूच्या लबाडीने प्रतिस्पर्ध्याचे पदक हुकते. मुष्टियोद्ध्याच्या लबाडीचा घाव मात्र प्रतिस्पर्ध्याच्या मस्तकावर बसतो. म्हणूनच ही चाचणी खेळाडूंच्या घासाघिशीवर सोडणे धोक्याचे आहे.