तारामतीच्या 19 पिना

गेल्या वर्षी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका जत्रेत रात्री अडीचच्या सुमारास माझे डोळे मिटू लागले होते. तेवढ्यात दशावताराच्या आख्यानातली राणी आत निघाली आणि जाता जाता तिने पदराचं टोक पाठीमागून पुढे ओढून कमरेला खोचलं. विहिरीवर पाणी शेंदायला निघताना माझी आजी नेमकं असंच करायची. झोप पार उडाली. राणी म्हणजे पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ होते. यंदा त्यांच्यासाठीच मी पुन्हा त्या जत्रेला गेले.

दशावतारात स्त्रीभूमिका करणाऱ्याला ‘स्त्रीपार्टी’ म्हणतात. राजा करणारा तो राजपार्टी. देवळामागची पडवी हाच रंगपट. भिंतीशी ओळीने लोखंडी ट्रंका आणि प्रत्येक ट्रंकेच्या झाकणाला टेकवलेला आरसा. इथे रंगभूषाकार नसतो, ज्याने त्याने आपलं तोंड आपणच रंगवायचं. काका (कंपनीत सगळे त्यांना असंच म्हणतात) दाढी घोटून बसले होते. खोबरेल तेल, पावडर, डांबरगोळ्या आणि अबोलीचा वळेसर यांचा मिळून एक वास तिथे भरला होता. लग्नघरातल्या आतल्या खोलीत येतो तसा.

रंग, भुवया, गंगावन हे तासाभरात उरकलं. नऊवारी मात्र त्यांनी सावकाश नेसली. पुठ्ठ्यावर टोचलेल्या पिना एकेक काढून ओठांत धरायच्या आणि न बघता जागेवर लावायच्या. “बरोबर 19,” ते म्हणाले. “एक कमी पडली तर अर्धो जीव पदरात ऱ्हवता.”

हे कोणी शिकवलं, असं विचारलं. “आवशीक बघून.” मग त्यांनी आई जेवायला कशी बसायची ते करून दाखवलं. एक गुडघा जमिनीवर, दुसरा उभा. कोणी मीठ मागितलं, पाणी मागितलं की लगेच उठता यावं म्हणून. आयुष्यात ती कधी मांडी घालून जेवली नाही. मिशी काढलेला, अर्ध्या रंगातला तो चेहरा तसा बसला आणि मला बोलवेना. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत पुरुषाने साडी नेसली की ती साडी हाच विनोद असतो. त्या नटांपैकी कितीजणांनी आपल्या आईचा गुडघा पाहिला असेल?

आख्यान हरिश्चंद्राचं होतं. दशावतारात संहिता नसते. प्रयोगाआधी कथा ठरते, कोण कधी आत येणार ते ठरतं. संवाद मात्र ज्याचे त्याने उभ्याउभ्या रचायचे. म्हणजे तारामती काय नेसते एवढंच नव्हे, तर ती काय बोलते, कुठे गप्प राहते, हेही त्या रात्री तो पुरुषच ठरवतो. मला सगळ्यात मोठी जबाबदारी ही वाटते, पिना त्यानंतरच्या.

तारामतीशी आपल्याकडच्या पुरुषांचं नातं जुनं आहे. 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती केली अण्णा साळुंके यांनी. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच होते. पण फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. रंगभूमीवर बालगंधर्व 1905 पासून शकुंतला, भामिनी, सिंधू झाले आणि घरंदाज बायकांनी त्यांच्याकडून नेसणं उचललं. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या आणि स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याची वाट रुळू लागली. जत्रेच्या दशावतारात मात्र आजही बहुतेक ठिकाणी असे काकाच राणी होतात. बायकांनी का करू नये, असं मी काकांना विचारलं तेव्हा रात्रभराचा प्रवास, देवळाचे नियम अशी कारणं त्यांनी सांगितली. मला ती पटली नाहीत. सिंधुदुर्गात बायकांनी दशावतारी प्रयोग करून दाखवले आहेत. ज्या आईला पाहून काका शिकले, तिला नाटकातल्या राणीच्या बाकड्यावर कधी बसता आलं नाही, ही गोष्ट मला त्या रात्री सारखी टोचत राहिली.

गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर होऊन आख्यान रंगात आलं तेव्हा तीन वाजले असतील. स्वप्नात विश्वामित्राला दिलेल्या शब्दापायी राज्य गेल्याचं राजा सांगत होता. तारामती एक गुडघा उभा करून बसली होती. ती उठली नाही. बसल्या जागेवरून, आवाज न चढवता तिने विचारलं, “महाराज, दान स्वप्नात दिलंत. त्या स्वप्नात मी होते का?”

पखवाजवाल्याचा हात थबकला. मंडपाच्या डाव्या अंगाला बसलेल्या बायकांत कुजबुज चालू होती, ती थांबली. राजा सत्याविषयी काहीतरी बोलू लागला. माझ्या शेजारची म्हातारी त्याच्याकडे बघतच नव्हती, ती तारामतीकडे बघत होती.

पहाटे दहीकाला झाला. पडवीत काका एकेक पिन काढून पुठ्ठ्यावर टोचत होते. चेहऱ्यावरचा रंग घामाने ओघळला होता, पण नेसण तशीच चोख होती. राजपार्टी शर्ट घालून आला.

“अरे, ता स्वप्नाचा तू खंयसून काढलस? माका उत्तरच सुचूक नाय.”

“समोर बघलंय. बायलमाणसा बसलेली,” काका म्हणाले. मग पुठ्ठा कंदिलाजवळ धरून त्यांनी पुन्हा मोजलं. “18. माझी एक पिन खंय पडली, बघ.”