वापरांत नसलेली चूल व तिचें धुराडें बंद करणें

उत्तर प्रदेशांतील बलिया येथें १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. त्यानंतर आपल्याकडेही पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली व मातीची चूल थंड पडली. चूल थंड पडली तरी तिच्यावरचें धुराडें बहुतेक ठिकाणीं तसेंच उघडें आहे. पावसाळ्यांत त्यांतून पाणी उतरतें, उंदीर घर करितात, व उंदरांच्या मागावर साप येतो. तें कसें बंद करावें, ह्याविषयीं आम्हीं येथें लिहीत आहों.

चूल खरोखरच वापरांत नाहीं काय, हें प्रथम घरांतील बायकांस विचारावें. चहा गॅसवर, पण भाकरी व स्नानाचें पाणी चुलीवर, असा प्रकार अजून पुष्कळ घरीं आहे. पुरुषमाणसानें परस्पर गवंडी बोलाविला, तर पुढें टांकी संपल्यावर धूर मात्र तिच्या डोळ्यांत जातो. एक पावसाळा व एक हिवाळा चूल पेटली नसेल, तरच कामास हात घालावा.

काम फाल्गुन-चैत्रांत काढावें. त्या वेळीं भिंती कोरड्या असतात. आंत घरटें किंवा पोळें नाहीं ना, हें पाहावें. मग दोरीस गोणपाटाचें बोचकें बांधून तें धुराड्यांत वरखालीं ओढावें. नाकातोंडास फडकें असावें. काजळी तशीच ठेवून गिलावा केला, तर पहिल्या ओलीबरोबर पिवळे डाग वर फुटतात व कितीही चुना लाविला तरी झांकत नाहींत. चुलींतील राख उकिरड्यावर टाकूं नये. तींत पालाश व चुना असतो. नत्र मात्र जळून गेलेलें असतें. कोंकणांतील आंबट जमिनीस ती मानवते. काळ्या चुनखडीच्या जमिनीस तिची गरज थोडीच.

जेथें धुरासाठीं नुसतें एक कौल उचललेलें असतें, तेथें तें जागेवर बसविलें कीं झालें. भिंतींतून पोकळ नळ काढलेला असेल तेथें मात्र विचार हवा. वरचें तोंड गच्च लिंपूं नये. त्यावर उतरता पत्रा बसवून बाजूंस बारीक जाळी लावावी. खालचें तोंड विटांच्या एकेरी थरानें बुजवावें, व त्यांतही अर्ध्या विटेएवढें भोंक ठेवून त्यास जाळी लावावी. दोन्ही तोंडें बंद केलीं म्हणजे आंतील हवा कोंडते, ओल धरते, व उरलेली काजळी त्या ओलीनें गिलावा खाते. आंत पेंढा किंवा गोणपाट कोंबणें म्हणजे वाळवीस आमंत्रण होय.

भिंत मातीची असेल तर एक भाग चुना व तीन भाग वाळू हाच गिलावा करावा. गवंडी सिमेंट सुचवील. त्याचें ऐकूं नये. सिमेंट ओल कोंडून धरतें. मुलकी खात्यांत असतांना अतिवृष्टीनें पडलेल्या घरांचे पंचनामे आम्हीं पुष्कळ लिहिले. बाहेरचा सिमेंटचा पापुद्रा शाबूत व आंतील मातीचा चिखल, अशा भिंती त्यांत थोड्या नव्हत्या.

धुराचा एक गुण मात्र विसरूं नये. चुलीवरच्या वाशांस रोज धूर लागे, म्हणून त्यांस कीड लागत नसे. बियाण्याचीं कणसें चुलीवर टांगीत, तींही ह्याच कारणानें. आतां वाशांखालीं पिठासारखा भुसा पडलेला दिसला, तर भुंगेरा शिरला असें समजावें व टांकणखार आणि बोरिक आम्ल ह्यांचें पाणी लांकडास दोनतीन वेळां पाजावें. बियाणें कडक वाळवून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें.

आतां सर्वांत जपण्याची गोष्ट. धुराडें मिटलेल्या खोलींत निखाऱ्याचें घमेलें कधींही ठेवूं नये. पौषांत थंडी पडली, कीं म्हाताऱ्या माणसांसाठीं किंवा बाळंतिणीच्या खाटेखालीं शेगडी ठेवून दार लावून घेतात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तास तो प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक जोरानें चिकटतो. डोकें दुखतें, झोंप येते, व निजलेलें माणूस उठत नाहीं. पूर्वीं त्या खोलींत उघडें धुराडें होतें, म्हणून कांहीं तरी निभावत असे.

गॅसची गोष्ट उलट आहे. तो हवेहून जड असल्यानें गळला तर जमिनीलगत सांचतो. वरच्या खिडकीनें तो जात नाहीं. म्हणून बाहेरच्या भिंतींत जमिनीजवळ एक जाळीचा झरोका ठेवावा. स्वयंपाकाची वाफ व ऊन हवा जाण्यास वरची खिडकीही हवीच.

काम झाल्यावर आंत पोकळी कोठून कोठपर्यंत आहे, तें मोजून, तारीख घालून घराच्या कागदांत एक टिपण ठेवावें. पुढें त्याच भिंतींत फडताळ किंवा खुंटी ठोकणारास, अथवा चूल पुन्हा पेटवूं पाहणारास, तें उपयोगीं पडेल.