क्लीनर साइडचा प्रश्न

अवजड वाहनावर क्लीनर ठेवण्याची सक्ती उठवावी, ही मालवाहतूकदारांची मागणी जुलै २०२५ च्या संपात ई-चलनाच्या गदारोळाखाली जवळजवळ दिसेनाशी झाली होती. परंतु पुढे चालक-साहाय्य यंत्रणा बसवलेल्या गाडीस या सक्तीतून मुभा देण्याचा विचार शासनदरबारी सरकू लागला, आणि तेव्हापासून या विषयाची जी चर्चा चालली आहे ती बहुतांशी पगाराची, भत्त्याची आणि या कामाला माणूस मिळत नसल्याच्या तक्रारीची आहे. मालकांचे गाऱ्हाणे खोटे नाही. मात्र ज्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावरून ही गाडी रोज जाते, त्या सायकलस्वाराचा जबाब या प्रकरणाच्या दफ्तरात कोणी नोंदवलेला नाही.

डोंबिवलीच्या कोपर, आयरे, भोपर, नांदिवली या वस्त्यांतून पाळीच्या वेळेस औद्योगिक वसाहतीकडे निघणारा कामगार, रात्रभर इमारतीवर पहारा देऊन सकाळी परतणारा रखवालदार, दूध आणि वृत्तपत्रे पोचवणारी मुले, यांनी सायकल हौसेने घेतलेली नसते. रिक्षाचे भाडे वाचवण्याची ती तजवीज असते. रविवारी पहाटे हेल्मेट चढवून येऊरच्या चढाकडे निघणाऱ्या मंडळींविषयी मला आदर आहे. परंतु ती मंडळी रस्त्यावर असतात तेव्हा रस्ता रिकामा असतो, आणि पाळीचा कामगार असतो तेव्हा तो नसतो.

रस्ता कोणता, हे इथल्या वाचकाला सांगायला नकोच. न्हावाशेव्याहून निघालेले चाळीस फुटी कंटेनर तळोज्यावरून शिळफाट्याला येतात, तेथून बरेचसे मुंब्रा बायपासने भिवंडीच्या गोदामांकडे वळतात आणि उरलेले कल्याणच्या दिशेने निघतात. रसायनांचे टँकर कटाई-मानपाड्यावरून वसाहतीत शिरतात. त्यात कल्याण-तळोजा मेट्रोच्या कामाने कल्याण-शिळ रस्त्याची उरलीसुरली ऐसपैस जागाही आक्रसली आहे. मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमान्वये अवजड वाहनांस ठरावीक वेळी मज्जाव करण्याचे हुकूम निघतात, आणि ते निघायलाच हवेत. तथापि मज्जावाच्या काळात कडेला रांगेने उभ्या राहिलेल्या गाड्या सायकलस्वाराची कडाच बळकावून बसतात, आणि मुदत संपताच, वाया गेलेला वेळ भरून काढण्याच्या घाईने, सगळ्या एकदम सुटतात.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि सायकल डावीकडून जाते, या एवढ्याशा गोष्टीत अनर्थाचे मूळ आहे. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या अंगाने कडेकडे कापत येतात, आणि गाडी जितकी लांब तितका हा काप अधिक. म्हणून जाणता चालक वळण्यापूर्वी गाडी किंचित उजवीकडे घेतो. त्यामुळे डाव्या अंगाला जी जागा मोकळी होते ती आपल्याचसाठी सोडली आहे असे समजून सायकलस्वार पुढे सरकतो, आणि पुढच्या काही क्षणांत तीच जागा मागून मिटत येते. यात वेग नसतो, बेदरकारी नसते, मद्य नसते. पादचाऱ्याच्या चालीने वळणाऱ्या गाडीखाली माणूस जातो, आणि कित्येकदा चालकाला ते लोकांच्या आरड्याओरड्यावरूनच कळते.

हा डावा अंधार आपल्या मालवाहतुकीने पिढ्यान्‌पिढ्या एका माणसाकरवी निभावून नेला. टायरची हवा पाहणे, ताडपत्री आवळणे, उतारावर चाकाखाली दगड लावणे ही क्लीनरची प्रसिद्ध कामे. परंतु शहरात शिरल्यावर त्याचे खरे काम म्हणजे अर्धे अंग खिडकीबाहेर काढून डावी बाजू पाहणे, दारावर तळहाताची थाप मारून चालकास थांबवणे किंवा पुढे घेणे, आणि ‘ओ काका, जरा थांबा’ अशी हाक देऊन सायकलवाल्यास तेथल्या तेथे थोपवणे. ज्या चालकाला आपण समंजस म्हणतो, वळण जवळ आले असता सायकलला ओलांडण्याचा मोह जो टाळतो, तिच्या मागेच राहतो, आणि ओलांडायचेच झाले तर दुसऱ्या मार्गिकेत पुरता जाऊन ओलांडतो, त्याच्या समंजसपणाचा निम्मा वाटा या थापेचा असतो. क्लीनरचे पोवाडे गाण्याचा माझा हेतू नाही. तो पुष्कळदा मिसरूड न फुटलेला पोर असतो, तुटपुंज्या पैशांवर राबतो, रात्री पेंगतो, आणि परवान्यावाचून त्याच्या हाती सुकाणू सोपवल्याचे प्रकारही घडतात. पण डोळे त्याचेच होते.

त्यातच दुसरी एक सुधारणा येऊन मिळाली आहे. केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन अनिवार्य झाली. हा निर्णय माणुसकीचा आहे आणि फार उशिरा झाला. एप्रिल-मे महिन्यांत इंजिनाच्या झळा आणि वरचे ऊन यांत दहा-बारा तास बसलेल्या माणसाकडून सौजन्याची अपेक्षा करणे हाच एक उद्धटपणा होता, कारण थकवा आणि उष्मा यांनी माणसाची प्रथम गळते ती सहनशीलता. तरीही, वातानुकूलन चालू म्हणजे काच बंद, आणि काच बंद म्हणजे सायकलची घंटी, सायकलवाल्याची आरोळी आणि क्लीनर असलाच तर त्याने बाहेरून मारलेली थाप, हे सारे बाद. बाहेर जाणारा आवाज मात्र तेवढाच जोरदार राहतो. नाना सुरांचे भोंगे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ व्या नियमाने निषिद्ध आहेत, गाडीच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यासही महाराष्ट्रात एप्रिल २०१५ मध्ये बंदी झाली; त्या दोन्ही हुकमांचा अंमल किती, हे कटाई नाक्यावर पाच मिनिटे उभे राहून ज्याने त्याने अजमावावे.

सौजन्याच्या या गोष्टी दिल्लीच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक दिनेश मोहन यांना पटल्या नसत्या. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने त्यांचे निधन झाले. माणसाच्या हाडामांसाला किती आघात सोसतो याचा अभ्यास करणारा हा अभियंता आयुष्यभर एकच हट्ट धरून होता: माणूस चुकणारच, तेव्हा त्याच्या चुकीची शिक्षा मरण असू नये अशी गाडी आणि असा रस्ता बांधा; चालकांना उपदेश करून अपघात घटतात यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता, आणि जगभरच्या पाहण्यांचे दाखले देऊन ते तसे स्पष्ट बोलत. त्यांच्या सहकारी गीतम तिवारी यांनी त्याच विचारातून दाखवून दिले की आपल्या हमरस्त्यांची डावी मार्गिका, फलक असो वा नसो, सायकलींनी व्यापलेलीच असते, आणि त्यांना स्वतंत्र पट्टा दिला तर मोटारींनाही अधिक रस्ता मिळतो. दिल्लीत २००८ साली आंबेडकर नगर ते मूलचंद बीआरटी मार्गावर असा पट्टा झाला, मोटारवाल्यांनी त्याविरुद्ध काहूर उठवले, आणि आठ वर्षांच्या आत तो मार्ग मोडून काढण्यात आला. मोहनांचे तर्कशास्त्र मला निरुत्तर करते. परंतु कल्याण-शिळ रस्त्यावर सायकलपट्टा येईपर्यंत, म्हणजे माझ्या अंदाजाने बराच काळ, भोपरच्या कामगाराने कोणाच्या भरवशावर पाळी गाठावी, याचे उत्तर त्या शास्त्रात सापडत नाही, आणि म्हणून मी चालकाकडे वळतो.

लंडनने या दोन्ही मतांना एकत्र नांदवले आहे. चालकाला आसनावरून प्रत्यक्ष डोळ्यांनी किती दिसते यावरून बारा टनांहून जड गाड्यांना तेथे तारे दिले जातात. २०२१ च्या मार्चपासून एकही तारा नसलेल्या गाडीला आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून तीनपेक्षा कमी तारे असलेल्या गाडीला अधिकची सुरक्षासाधने बसवल्याखेरीज शहरात प्रवेश नाही. युरोपीय संघात तर बाजूची सायकल हेरणारी यंत्रणा जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या ट्रकवर सक्तीची आहे. हे झाले मोहनांना रुचणारे. पण त्याच लंडनमध्ये मालवाहतुकीच्या चालकांस प्रशिक्षणाचा भाग म्हणून भर रहदारीत सायकल चालवायला लावतात, आणि पोलीस सायकलस्वारांना उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसवून, तेथून स्वतःची सायकल कोठे दिसेनाशी होते ते दाखवतात. मला हा दुसरा उपाय विलक्षण आवडतो, कारण त्यात उपदेश नाही. ज्याला आपली सायकल आरशात दिसली नाही तो पुन्हा त्या जागी उभा राहत नाही, यासाठी कोणा समुपदेशकाची गरज पडत नाही.

आपल्याकडे कायद्याचा सारा जोर अपघातानंतरच्या घटकेवर आहे. भारतीय न्याय संहितेतील पळून जाणाऱ्या चालकाविषयीच्या कलम १०६ (२) वरून जानेवारी २०२४ च्या आरंभी चालकांनी देशभर गाड्या उभ्या केल्या, आणि १ जुलैला संहिता अमलात आली ती तेवढे उपकलम वगळून. जमाव मारतो म्हणून पळतो, असे चालक म्हणतात. पळतो म्हणून जमाव मारतो, असे लोक म्हणतात.

अपघाताच्या आधीच्या घटकेसाठी डोंबिवलीत एक आयती सोय आहे. घातक रसायने वाहून नेणाऱ्या चालकांना नियमाप्रमाणे निराळे प्रशिक्षण घ्यावेच लागते, आणि औद्योगिक वसाहतीत येणारे टँकरचालक त्यातलेच. त्या अभ्यासक्रमात एक तास वाढवून चालकाला सायकलवर आणि पाळीच्या दोन-चार कामगारांना केबिनमध्ये बसवण्यास नवा कायदा लागत नाही. क्लीनरच्या सक्तीतून सूट मागणाऱ्या गाडीची कसोटीही तितकीच सोपी ठेवता येईल. यंत्रणा बसवल्याचे कागद पाहून शिक्का न मारता परिवहन निरीक्षकाने डाव्या मागच्या चाकाशी एक सायकल उभी करावी, काचा बंद आणि वातानुकूलन चालू असताना चालकाला आसनावर बसवावे, आणि बाहेर काय आहे ते विचारावे. त्याला दहा मिनिटे लागतील. सायकल कोपरमध्ये कोणीही देईल.