अंगणातून खिडकीपाशी

घरात, म्हणजे छपराखाली आणि चार भिंतींच्या आत, झाड लावून ते वर्षानुवर्षे सांभाळण्याची चाल महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांत फार जुनी नाही. झाडाचे स्थान अंगणात, परसात, वाड्याच्या चौकात किंवा चाळीच्या सज्जात होते. तुळशीला वृंदावन होते, पारिजातकाला परसाची कड होती, अळूला मोरीच्या पाण्याची वाट होती, आणि या साऱ्यांचा कारभार ऊन आणि पाऊस परस्पर पाहत असल्यामुळे माणसाच्या वाट्याला उन्हाळ्यात पाणी घालण्यापलीकडे फारसे काम उरत नसे. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कित्येक जुने वाडे पुरात कोसळले. दोनच वर्षांनी, १९६३ साली, मालकीहक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा झाला. आणि पुढील दोन-तीन दशकांत वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहून चौक आणि परस यांचा जसजसा लोप होत गेला, तसतशी, ज्यांना झाडांवाचून चैन पडत नव्हते अशा माणसांनी, झाडे प्रथम सज्जात, सज्जा बंदिस्त करून खोलीत सामावून घेतल्यावर खिडकीच्या जाळीत, आणि अखेर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आणली. हे स्थलांतर माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत घडले. त्याचा मागोवा घेताना जी एक उणीव सतत जाणवते ती ही, की झाडे आत आली, परंतु त्यांच्याबरोबर आपल्या ऋतूंचे ज्ञान आत आले नाही.

जे ज्ञान आले ते पुस्तकांतून आले, आणि ती पुस्तके थंड देशांतली होती. लंडनमधील नाथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड या डॉक्टराने १८२९ च्या सुमारास, पतंगाचा कोश ठेवलेल्या एका बंद बाटलीत नेच्याचे रोप आपोआप उगवलेले पाहिले, आणि कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या त्या शहरात जी रोपे उघड्यावर तग धरीत नाहीत ती काचेच्या बंद पेटीत सुखाने वाढतात हे त्याच्या ध्यानी आले. १८३३ साली अशा पेट्यांतून पाठविलेली रोपे जहाजाने सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली, आणि त्यानंतर उष्ण कटिबंधातील अरण्यांमधून युरोपच्या दिवाणखान्यांकडे झाडांचा अखंड ओघ सुरू झाला. त्या झाडांना तिकडच्या दीर्घ, अंधाऱ्या हिवाळ्यात जगविण्यासाठी जे नियम सिद्ध झाले (उन्हाळ्यात मुबलक पाणी द्यावे, हिवाळ्यात हात आखडावा, शेकोटीने कोरड्या झालेल्या खोलीत पानांवर पाणी शिंपडावे) ते तेथील परिस्थितीत सर्वस्वी योग्यच आहेत. पण ज्या देशात हिवाळा हाच वर्षातील सर्वांत स्वच्छ आणि प्रकाशमान काळ असतो आणि अंधारून येते ते आषाढ-श्रावणात, तेथे ते जसेच्या तसे लागू केले तर झाडाच्या जिवावर बेतते. त्या पुस्तकांच्या पंचांगात पावसाळा नाहीच.

आरंभ प्रकाशापासून करणे प्राप्त आहे. कारण घरातील झाड दगावते ते बहुधा पाण्याने हे खरे असले, तरी ते पाणी मारक ठरते ते प्रकाश अपुरा असल्यामुळे. भर दुपारी उघड्या उन्हात सुमारे १ लाख लक्स इतका प्रकाश असतो, आणि त्याच वेळी खिडकीपासून आठ-दहा फूट आत, जेथे आपल्याला वर्तमानपत्र आरामात वाचता येते, तेथे तो काही शेकड्यांवर उतरलेला असतो. आपला डोळा हा फरक तत्काळ भरून काढतो, पानाला ती सोय नाही. त्यातच सूर्याचे उत्तरायण-दक्षिणायन घराच्या आतील प्रकाशाची वाटणी दरसाल बदलीत असते, आणि याचा तपशील युरोपातील पुस्तकात सापडणे शक्यच नाही. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असल्यामुळे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस असा दोनदा सूर्य नेमका डोक्यावर येतो, आणि या दोन तिथींच्या दरम्यान तो मध्यान्ही आपल्या उत्तरेस असतो. म्हणजे ज्या उत्तरेच्या खिडकीला आपण बारमाही सावलीची समजतो तिच्यात त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते, आणि दक्षिणेच्या खिडकीतून ते अजिबात नाहीसे होते. उलटपक्षी डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघा ४८ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतले ऊन पाच-सहा फूट आत फरशीवर येऊन पडते. हे एकदा ध्यानात आले, की कुंड्या वर्षभर एकाच जागी ठेवण्याचा आग्रह आपोआप सुटतो: दिवाळीनंतर त्या दक्षिणेकडे न्याव्यात, पाडव्यानंतर पूर्वेच्या कोवळ्या उन्हात, आणि पश्चिमेच्या खिडकीतील वैशाखाची दुपार मात्र कोणत्याही पानझाडाच्या वाट्यास येऊ देऊ नये.

पावसाळ्याविषयी विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण माझ्या पाहण्यातील बहुतेक झाडे याच ऋतूत गेली आहेत, आणि ती गेली तेव्हा त्यांच्या धन्यांची समजूत अशी होती की पावसाळा हा झाडांचा ऋतू आहे. अंगणातील झाडांचा तो आहेच. घरातील झाडाची कैफियत वेगळी आहे. मुंबईत वर्षाकाठी सव्वादोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि पुण्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. परंतु दोन्हीकडे जून ते सप्टेंबर आभाळ गच्च, हवा दमट आणि खिडक्या मिटलेल्या असतात, आणि कुंडीतील झाडाला पावसाचे हे दोन परिणाम, म्हणजे अंधार आणि दमटपणा, तेवढे मिळतात, पाऊस मिळत नाही. दमट हवेत पानांतून बाष्प उडण्याचे प्रमाण एकदम घटते. पहाटे मनीप्लांटच्या किंवा सिंगोनियमच्या पानाकडे जवळून पाहावे: टोकाशी पाण्याचा एक स्वच्छ थेंब लोंबत असतो, तो दव नव्हे, मुळांनी वर लोटलेले पाणी बाष्प होऊन जाईना, म्हणून ते पानाच्या कडेच्या सूक्ष्म रंध्रांतून द्रवरूपाने बाहेर पडलेले असते. झाडाने आपल्याला आता पाणी नको आहे हे इतक्या उघडपणे सांगितल्यावरही आपण ठरल्या वारी, ठरल्या तांब्याने पाणी घालीत राहतो. एप्रिलमध्ये दोन दिवसांत सुकणारी माती जुलैमध्ये आठवडाभर ओली राहते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो आणि बुरशीचा अंमल सुरू होतो. मग खालची पाने पिवळी पडतात आणि झाड मान टाकते. येथेच घात होतो, कारण कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नसल्यामुळे झाड तहानेल्यासारखे दिसते आणि धनी त्याला आणखी पाणी घालतो. अशा वेळी झाड कुंडीतून काढून एखादे मूळ चिमटीत धरून ओढून पाहावे. निरोगी मूळ टणक आणि पांढुरके असते, कुजलेल्या मुळाची तपकिरी साल बोटांत निसटून येते आणि आत दोऱ्यासारखी शीर तेवढी शिल्लक राहते. कुजका भाग कापून, मनीप्लांटसारख्या वेलीचे पेरासह तुकडे स्वच्छ पाण्यात ठेवले तर ते पुन्हा मुळे धरतात. बाकीच्यांची शाश्वती देता येत नाही.

मातीचाही यात दोष असतो. देशावरची काळी माती शेतात कितीही कसदार असली तरी कुंडीत ती भिजल्यावर चिकट गोळा होते आणि वाळल्यावर भेगाळून कडांपासून सुटते. रोपवाटिकेतून येणारे रोपही पुष्कळदा घट्ट लाल मातीच्या गोळ्यात येते. नारळाच्या काथ्याचा भुसा, जुने शेणखत किंवा गांडूळखत, जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि थोडी निंबोळी पेंड यांचे मिश्रण पाणी धरते आणि सोडतेही. ते मेच्या अखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी भरून घ्यावे. पाणी घालण्यापूर्वी बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहावे, याहून अधिक विश्वसनीय साधन मला आढळलेले नाही.

पावसाचा एक मोठा उपकार मात्र घरातील झाडांनी अवश्य घ्यावा. उन्हाळ्यात ज्या सोसायट्यांना टँकरचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी वापरावे लागते, तेथे कुंडीच्या काठावर आणि मातीवर नखाने खरवडता येईल असा पांढरा थर जमतो. तो क्षारांचा असतो, आणि पानांची टोके करपण्याचे ते एक कारण आहे. जूनमध्ये पावसाची झड लागली की कुंड्या एक दिवस गच्चीवर किंवा सज्जात नेऊन ठेवाव्यात, म्हणजे तळाच्या छिद्रातून भरपूर पाणी वाहून जाऊन हे क्षार निघून जातात आणि पानांवरची धूळही धुतली जाते. कुंडीखालच्या बशीत मात्र पाणी साचू देऊ नये, आणि बाटलीत लावलेल्या मनीप्लांटचे पाणी दर आठवड्यास बदलावे. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच साठ्यांत अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याची पूर्ण वाढ होते. महापालिकेचे कीटकनियंत्रण कर्मचारी तपासणीस येतात तेव्हा प्रथम याच बशा पाहतात, आणि ते योग्यच करतात.

हिवाळ्याविषयी थोडक्यात सांगता येईल. मुंबईत त्याची क्वचितच भीती असते. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा ॲग्लोनेमा, कॅलॅथिया यांसारखी विषुववृत्तीय झाडे उघड्या खिडकीपासून दूर घ्यावीत, एवढाच बंदोबस्त पुरे आहे. दिवसाचा प्रकाश उत्तम असल्यामुळे झाडे थांबत नाहीत, आणि पुस्तकांच्या सांगण्यावरून त्यांचे पाणी तोडण्याचे काही कारण नाही. ज्यांना झाडे पारखून पाहण्याची हौस आहे त्यांनी याच दिवसांत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियातर्फे भरणारे पुष्पप्रदर्शन पाहावे.

उन्हाळा मात्र कसोटीचा असतो. एप्रिलच्या दुपारी देशावरची हवा इतकी कोरडी होते की अरेका पामसारख्या मादागास्करच्या दमट किनाऱ्यावरून आलेल्या झाडाची टोके, पाणी भरपूर असूनही, तपकिरी होतात. याच कोरडेपणात लाल कोळी वाढतो. पानाच्या पाठीवर बारीक जाळे आणि वरच्या बाजूस फिकट ठिपके दिसू लागले की पाने ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसावीत. पिठ्या ढेकणाचा सुगावा पुष्कळदा मुंग्यांवरून लागतो: एखाद्या खोडावर मुंग्यांची ये-जा दिसली तर पानाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके सापडतात, कारण त्यांचा गोड स्राव मुंग्यांना हवा असतो. सौम्य साबणाचे पाणी आणि कडुनिंबाचे तेल यांनी, चिकाटी धरल्यास, दोन्ही आटोक्यात येतात.

झाडांची मूळ ठिकाणे जाणून घेणे हा नुसता विद्येचा शौक नव्हे, त्यातून त्यांची गरज कळते. आफ्रिकेच्या पूर्व भागातील, पावसाविना दीर्घकाळ काढणारे झीझी हे झाड मातीखालच्या बटाट्यासारख्या गाठींत पाणी साठवते, म्हणून ते विसरभोळ्या माणसाच्या घरी जगते आणि अतिप्रेमळ माणसाच्या घरी सडते. मनीप्लांट हा प्रशांत महासागरातील मोरेआ बेटाचा. झाडावर चढणे हा त्याचा स्वभाव असल्यामुळे ओल्या काथ्याच्या खांबावर चढविला की त्याची पाने आपोआप मोठी होतात. आणि रबराचे झाड तर आपल्याच ईशान्येचे आहे. ज्याच्या हवाई मुळांना वळण देऊन मेघालयातील खासी लोकांनी ओढ्यांवर जिवंत पूल उभारले, तेच हे फायकस इलॅस्टिका, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात चिनी मातीच्या कुंडीत उभे असते. अशा वृक्षाला निदान खिडकीलगतची जागा द्यावी, असे मला मनापासून वाटते. तुळशीचे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे: घरावर तिचा हक्क सर्वांत जुना असला तरी ती घराच्या आतली वनस्पती नाही, तिला रोज चार-सहा तास थेट ऊन हवे, आणि देवघरातील समईच्या उजेडात तिला ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

२०२० साली मार्चच्या अखेरीस सारा देश घरात कोंडला गेला, तेव्हा घरातील झाडांची आवड एकाएकी वाढली, आणि तिच्याबरोबर काही अतिशयोक्त दावेही घरोघर पसरले. त्यांतील प्रमुख दावा असा की कुंडीतील झाडे खोलीची हवा शुद्ध करतात. त्याचा उगम अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी बी. सी. वोल्व्हर्टन यांनी केलेल्या १९८९ च्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग प्रामाणिक होते, परंतु ते लहान बंद पेट्यांत केलेले होते. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील कमिंग्ज आणि वेअरिंग यांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा असे दिसून आले की नेहमीच्या वायुवीजनाइतकी हवा झाडांनी शुद्ध करावी असे म्हटले तर दर चौरस मीटर जागेत किमान १० आणि कमाल १,००० झाडे लागतील. खिडकी उघडणे हा त्याहून सोपा उपाय आहे. झाडाने आपली हवा शुद्ध करावी म्हणून ते घरात आणू नये. ते वाढते, नवे पान उलगडते आणि त्याचे पालन करता येते, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

रोपवाटिकाचालकांना एक विनंती आहे. रोपाच्या पिशवीला किमतीची चिठ्ठी तुम्ही लावताच. तिच्यावरच रोपाचा मूळ देश, त्याला लागणारा प्रकाश आणि पावसाळ्यात पाणी किती कमी करावे, एवढ्या तीन ओळी मराठीत छापण्याची तजवीज करावी. आणि वाचकांनी तोवर एक साधी वही घालून प्रत्येक खिडकीत कोणत्या महिन्यात किती वाजता ऊन येते आणि कोणती कुंडी किती दिवसांनी सुकते, याची नोंद येत्या जूनपासून ठेवावी. पुढच्या मेपर्यंत आपल्या घराचे, आपल्या ऋतूंचे पुस्तक त्यांच्या हाती तयार असेल.