गाभाऱ्याबाहेरची पंढरी

 एका वाचकाचा प्रश्न आज सोडवायला हवा. आषाढीला असंख्य वारकरी दर्शनबारीत उभे न राहता चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीवर डोके टेकवतात, कळसाला हात जोडतात आणि गावाकडे परततात. देव न पाहता केलेली ही वारी पुरी झाली असे कसे म्हणायचे? गर्दीपुढे इलाज नसतो, हे उत्तर सोपे आहे. मला ते अपुरे वाटते. गर्दी सगळ्याच मोठ्या क्षेत्रांत असते. पण गाभाऱ्यापर्यंत न जाताही समाधानाने परतण्याची मुभा पंढरी देते, आणि ती मुभा तिच्या कथांनीच दिली आहे, असे माझे म्हणणे आहे.

या कथा कुठे घडतात ते पाहा. जेजुरीचा खंडोबा मणी-मल्लांना मारतो, कोल्हापूरची अंबाबाई कोल्हासुराला. पंढरीच्या मूळ कथेत मारण्यासारखे कोणी नाहीच. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेला पुंडलिक नावाचा एक मुलगा आहे आणि त्याला भेटायला आलेला देव, विठ्ठल. मुलगा वीट पुढे करतो, देव तिच्यावर उभा राहतो. म्हणजे या गावातली पहिली भेट भक्ताच्या दारात झाली, आणि देव तिथे पाहुणा होता. गावाने ही गोष्ट आपल्या रचनेतही जपली आहे. पुंडलिकाचे देऊळ मुख्य मंदिरापासून दूर, चंद्रभागेच्या वाळवंटात आहे. पुरात ते पाण्याखाली जाते. त्याची पूजाअर्चा महादेव कोळी समाजाकडे आहे, आणि रीत अशी की आधी चंद्रभागा, मग पुंडलिक, त्यानंतर विठ्ठल. यावर कोणी म्हणेल, ही कथा वारकऱ्यांनी मागाहून रचली. पण होयसळ राजा सोमेश्वराच्या इ.स. १२३७ च्या पंढरपुरातल्या शिलालेखात विठ्ठलाबरोबर पुंडरीक मुनींचा उल्लेख आहे, आणि १२४९ च्या यादव ताम्रपटात भीमरथीकाठच्या या स्थळाला पौंडरीक क्षेत्र म्हटले आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. पुंडलिक नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, असे यावरून सिद्ध होत नाही, आणि विटेच्या कथेचे वयही ठरत नाही. मात्र ज्ञानदेवांच्या आधीच हे क्षेत्र भक्ताच्या नावाने ओळखले जात होते, एवढे नक्की ठरते, आणि माझ्या मुद्द्याला तेवढे पुरते.

पुढच्या कथाही याच वाटेने जातात. संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेव महाद्वाराची पायरी झाले. त्यांचे देहावसान पंजाबात घुमानला झाले असे मानणारी परंपराही आहे; पण पंढरीने त्यांची आठवण कुठे ठेवली, हे इथे महत्त्वाचे. संत कान्होपात्रेची आठवण असलेले तरटीचे झाड देवळाच्या आवारात, गाभाऱ्याबाहेर आहे. रुसलेली रखुमाई दिंडीरवनात निघून गेली आणि तिला शोधत विठ्ठल आला, अशी कथा आहे. आजही तिचे देऊळ वेगळेच. मार्गशीर्षात तर देव स्वतःच देऊळ सोडून विष्णुपदावर मुक्कामाला जातो, आणि आषाढी-कार्तिकीला त्याचा पलंग काढला की रात्रंदिवस उभा राहतो. लोकांनी राजाच्या दप्तरालाही आपल्या कथेत ओढले. मंदिराला १२७३ ते १२७७ या काळात मिळालेल्या देणग्यांची नोंद असलेला चौऱ्याऐंशीचा शिलालेख आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा रूढ झाली. यादवांच्या दानधर्माचा हिशेब यात्रेकरूच्या पाठीला भिडला.

एक आक्षेप मात्र खरोखर जड आहे, आणि तो अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांचा. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळून चोखोबा गेले. ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्यांची, अशी ओळख नामदेवांनी पटवली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. मग कोणी विचारील, बाहेर राहण्यात एवढे थोर काय आहे? चोखोबा बाहेर होते ते त्यांना आत येऊ दिले नाही म्हणून. हे मान्यच केले पाहिजे. दार बंद असताना बाहेरच्या भेटीचे गोडवे गाणे म्हणजे त्या बंद दाराला आधार देणेच होय, आणि पंढरीच्या कथांचा असा वापर शतकानुशतके झाला. पण त्याच कथांत देव चोखोबांना भेटायला बाहेर येतो, त्यांच्याबरोबर ढोरे ओढतो, म्हणजे मनाई करणाऱ्यांच्या बाजूला तो उभा राहत नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि हे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले, तेव्हा गुरुजींना परंपरेबाहेरचा आधार शोधावा लागला नाही. चोखोबांची समाधी महाद्वारासमोरच होती. म्हणून कळसाला हात जोडून परतणाऱ्याची वारी पुरी मानायला माझी एक अट आहे: तो आत जाऊ शकत असला पाहिजे, आणि बाहेरूनच परतणे ही त्याची स्वतःची निवड असली पाहिजे. आज ती तशी आहे. १९४७ पूर्वी ज्यांनी पायरीपाशीच माथा टेकला, त्यांतल्या अनेकांना अशी निवड करायला मिळालीच नव्हती, आणि त्यांच्या भक्तीविषयी बोलताना हे वगळता येणार नाही.